संबळ लोड होईना

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. मोठमोठे प्रोग्रामर लिहून ठेवतात म्हणे, काय बदललं, का बदललं. मी काही शिकलेला प्रोग्रामर नाही. टेलिफोनच्या कारखान्यात सोल्डरिंग करता करता सर्किट कळलं, निवृत्तीनंतर व्हिडिओ बघून बघून कोडिंग कळलं. गुरू कुणी नाही. त्यामुळे चूक काढणाराही कुणी नाही, हा मोठा फायदा.

आधी मुद्द्याचं. नात भव्या, तिचं लग्न रविवारी २३ला. मंगळवारी २५ला संध्याकाळी गोंधळ, इथेच व्हाइटफील्डात, आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसात. शहाजीराजांच्या मागून आमची माणसं बंगळूरला आली. घोडे गेले, जमिनी गेल्या, मराठीत निम्मं कन्नड शिरलं. गोंधळ तेवढा राहिला. देवीसमोर संबळ वाजल्याशिवाय आमच्यात लग्न लागलं असं कुणी धरत नाही. माझी बायको मथुरा तर मुळीच नाही.

संबळ वाजवायला इतकी वर्षं देवाप्पा येतो. निपाणीकडचा गोंधळी. माझ्या लग्नात त्याच्या बापाने वाजवला, माझा मुलगा शंभूराज, त्याच्या लग्नात याने. आता मुलाजवळ होसकोटेला असतो, मुलगा तिथल्या कारखान्यात आहे. चार वर्षांपूर्वी त्याला आमच्या खोलीत दिवसभर बसवून एकेक ठोका रेकॉर्ड केला आणि त्याचं प्लगइन केलं. प्लगइन म्हणजे गाण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून बसवायचं वाद्य. नाव ‘संबळ’. ठेका निवडा, लय निवडा, वाजत राहतं. घाम नाही, बिडी नाही.

म्हणून यंदा देवाप्पाला त्रास द्यायचा नाही असं ठरवलं. गुडघे गेलेत बिचाऱ्याचे. आज फोन करून सांगितलं की देवाप्पा, तुम्ही आता आराम करा, तुमचा हात माझ्या कॉम्प्युटरात आहे, तोच वाजवील. एवढंच म्हणाला, बरं अण्णा.

गहिवरला असावा.

४ नोव्हेंबर

मथुरेला सांगितलं. हातातली पळी खाली ठेवून म्हणाली, आणि गाणार कोण? म्हटलं, मी. पन्नास वर्षं ऐकतोय, सगळं पाठ आहे. तर म्हणते, पाठ तर तुम्हाला गॅसच्या कार्डाचा नंबरही आहे, तो म्हणा देवीपुढे.

कलावंताच्या घरात असंच असतं.

६ नोव्हेंबर

महत्त्वाचा निर्णय. कंपायलर बदलला.

कंपायलर म्हणजे चक्की. आपण लिहिलेला कोड गहू, त्याचं पीठ करून देते. आजवर जुन्या चक्कीवर दळत होतो, पण ती फार जागा खाते. नवीन चक्की फुकट, हलकी, जगभरचे जाणते लोक वापरतात म्हणे. लग्नाच्या तोंडावर हे कशाला, असं शंभूराज म्हणाला. म्हटलं, अरे लग्नालाच तर माणूस नवे कपडे घालतो.

७ नोव्हेंबर

झालं! एरर एकही नाही. वॉर्निंग शेकड्याने, पण वॉर्निंग म्हणजे आत्याबाईंचे टोमणे. ऐकायचे आणि पान वाढायला घ्यायचं. माझ्या कॉम्प्युटरवर संबळ झकास लोड झाला. आवाज उलट जास्त खणखणीत वाटला. मथुरेला ऐकवला, तिला काही फरक कळला नाही. कान लागतो.

जुना कंपायलर काढून टाकला. नव्या घरात गेल्यावर जुन्या घराची किल्ली खिशात खुळखुळवू नये, मन मागे ओढतं.

फाइल चंदनला पाठवली. हा चंदन होसकोटेचा साउंडवाला, गोंधळाला स्पीकर आणि लॅपटॉप त्याचाच. जुना संबळ पुसून हा नवा टाक, असं दोनदा बजावलं. सरी अण्णा, म्हणजे ठीक आहे, म्हणाला. पोरगा आज्ञाधारक.

९ नोव्हेंबर, रविवार

चंदनचा फोन. लोड होत नाही. सॉफ्टवेअर म्हणतं, मॉड्यूल सापडत नाही.

सापडत नाही म्हणजे? म्हटलं, फोल्डर उघड, फाइल दिसते का? दिसते म्हणाला. मग? डोळ्यांसमोर पाहुणा उभा आणि हा म्हणतो कुणी आलंच नाही. त्याचा लॅपटॉप जुना आहे. माझ्याकडे चालतंय म्हणजे दोष माझ्याकडे नाही, हे साधं तर्कशास्त्र आहे. ते त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, अण्णा, गोंधळ तुमच्याकडे आहे की माझ्याकडे?

प्रश्न गैरलागू.

११ नोव्हेंबर, मंगळवार

स्वतः होसकोटेला गेलो. निघताना मथुरेने चकल्यांचा डबा दिला. देवाप्पाच्या घरी द्या आणि विचारूनही या, येतोस का म्हणून. बरं म्हटलं.

कॅबमध्ये निम्मा दिवस. ट्रॅफिकमध्ये विचार चांगला होतो.

चंदनच्या दुकानात बघितलं तर खरंच सापडत नाही म्हणतंय. वर आणखी एक. या सॉफ्टवेअरची रीत अशी की एखादं प्लगइन एकदा अडखळलं की त्याचं नाव काळ्या यादीत घालतात. पुढच्या वेळी त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. वाळीत टाकतात, सरळ सांगायचं तर. चार वर्षं इमानाने वाजलेलं माझं पोर, एका चुकीसाठी गावाबाहेर! चंदनने नाव यादीतून काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा वाळीत. फाइलीचं नाव बदललं. लॅपटॉप बंद करून सुरू केला. बॅटरी काढून पुसून घातली. चंदन म्हणाला, अण्णा, कुंकू लावून बघू का?

देवाप्पाचं घर स्वल्प आडबाजूला पडतं. म्हातारा दुपारचा झोपला असेल, उठवायला नको वाटलं. डबा चंदनला दिला. मथुरेला सांगितलं, डबा पोचला. खोटं नाही त्यात काही.

१३ नोव्हेंबर

इंटरनेटवर या विषयातल्या लोकांचा एक कट्टा आहे, तिथे प्रश्न टाकला. इंग्रजी भव्याने तपासून दिलं. तिने माझा पहिला परिच्छेद, ज्यात कारखान्यातली माझी पंचवीस वर्षं होती, तो काढून टाकला. म्हणाली, अज्जा, ते फक्त आजार विचारतायत, कुंडली नाही.

१४ नोव्हेंबर

एका परक्या माणसाचं उत्तर. पहिलीच ओळ बघा. विचारतो, कंपायलर बदलल्यावर त्याच्या रनटाइमच्या फाइली प्लगइनसोबत दिल्यात का?

मला! रनटाइम विचारतो मला! मी मदत मागितली, परीक्षा द्यायला बसलो नव्हतो. अशा लोकांना उत्तर न देणं हेच उत्तर.

त्याऐवजी दिवसभर बसून संबळाचं चित्र बदललं. आधी पितळी होता, आता तांब्याचा. चंदनला पाठवला. लोड झाला नाही, पण चित्र छान आहे असं तोही म्हणाला.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरात बैठक. शंभूराज म्हणाला, अप्पा, प्लगइन राहू दे. देवाप्पाचं मूळ रेकॉर्डिंग आहे ना, तेच सरळ लावू. सोपं.

सोपं आहे, पण मूळ रेकॉर्डिंग नाही. त्यातून एकेक ठोका कापून घेतल्यावर मी ते पुसलं. गहू दळून झाल्यावर पोतं कोण सांभाळतं? हे सांगितलं तर मथुरा माझ्याकडे बघतच राहिली. तिला त्यातलं मधलं बोलणं आठवत होतं. देवाप्पाने दोन ठेक्यांच्या मध्ये आमच्या घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन देवीकडे काहीतरी मागितलं होतं, तिच्या गेलेल्या धाकट्या भावाचंसुद्धा. तेही पुसलं का, विचारलं तिने.

ते बोलणं होतं. ठोक्यांत बोलणं चालत नाही, आवाज घाण होतो. तांत्रिक बाब आहे.

मथुरा उठून गेली. संध्याकाळी कुणी चहा केला नाही. मी केला. साखर विसरलो, तिने तसाच प्यायला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मला न सांगता मथुरेने देवाप्पाला फोन केला. तिकडून तो म्हणाला, अक्का, अण्णांनी नको म्हटलं, मग मी गावाकडचं तिकीट काढलं. पुतणीचं घरभरणं आहे, पंचवीसलाच. तिथे शब्द दिलाय, आता कसा मोडू?

बघा, म्हणजे त्याची सोयच झाली. माझ्यामुळे माणूस कितीतरी वर्षांनी गावी जातोय. हे मथुरेला दाखवून दिलं. ती म्हणाली, तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या. डोळ्यांचा काय संबंध ते समजलं नाही.

दुसरा गोंधळी शोधू, असं शंभूराज म्हणतो. म्हटलं, शोध. बेळ्ळंदूर ते केंगेरी, सगळ्या बंगळूरभर फोन लावले त्याने. एक डीजे मिळाला, देवीची गाणी रिमिक्स करतो.

१९ नोव्हेंबर

जुना कंपायलर परत घाला, असं भव्या म्हणाली. शक्य होतं. पण मागे फिरणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय परवाच तिसऱ्या मजल्यावरच्या रघुपतींना नवीन कंपायलरबद्दल तासभर सांगून आलोय. ते पण बदलतो म्हणाले. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, पण उत्साह बघा.

२१ नोव्हेंबर

सुचलं! इतकं सोपं की स्वतःवरच हसलो. माझ्या कॉम्प्युटरवर संबळ चालतोय ना? मग माझाच कॉम्प्युटर क्लबहाउसात न्यायचा. मोठा डबा आहे, मॉनिटर वेगळा, पण लिफ्ट आहे. शंभूराज म्हणाला, देवीच्या चौकाशेजारी सीपीयू मांडायचा का? म्हटलं, मांडायचा. हार घाल त्याला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं.

२२ नोव्हेंबर

कॉम्प्युटर चारचौघांत जाणार, तर स्वच्छ करून न्यावा म्हणून साफसफाई केली. विंडोजमध्ये ‘पाथ’ नावाची एक लांबलचक ओळ असते. एखादी फाइल लागली तर कुठल्या कुठल्या फोल्डरात शोधायचं, ते तिथे लिहिलेलं. त्यात नव्या कंपायलरच्या फोल्डरचाही पत्ता होता. आता दळण झालंय, चक्कीचा पत्ता कशाला? काढला. आणखी बरंच काढलं. ओळ कशी सुटसुटीत झाली.

पुन्हा चालवून बघणार होतो, पण सुपारीची पाकिटं भरायला बोलावलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

लग्न लागलं. भव्या फार गोड दिसत होती. मी रडलो नाही, अक्षता डोळ्यांत गेल्या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लिहायचं नव्हतं. पण ठरवलंय रोज लिहायचं.

चौक सुंदर मांडला होता. पाट, तांदूळ, कलश, पाच ऊस. शेजारी टेबलावर माझा कॉम्प्युटर, झेंडूचा हार घातलेला. व्याही अप्पासाहेब पहिल्या रांगेत. नवीन जोडी समोर, भव्याच्या हातात दिवटी. मी धोतर नेसलो होतो. दोन शब्द बोललो, परंपरा आणि तंत्रज्ञान यांवर. थोडं लांबलं.

मग सॉफ्टवेअर उघडलं.

मॉड्यूल सापडत नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर. माझंच मॉड्यूल.

बंद करून सुरू केलं. सगळे बघतायत. मोठा मॉनिटर आणला होता सगळ्यांना चित्र दिसावं म्हणून, त्यामुळे तो मेसेज शेवटच्या रांगेलाही वाचता आला. अप्पासाहेब शांतपणे म्हणाले, देवीला पासवर्ड लागतो का? लोक हसले. भव्याच्या हातातली दिवटी तेल संपून धुरायला लागली.

म्हटलं, थांबा, मी म्हणतो. म्हणायला लागलो. संबळाशिवाय ते गाणं धरता येत नाही हे मला माहीत नव्हतं. सगळ्या देवांना एकेक नाव घेऊन बोलवायचं असतं. जेजुरीपर्यंत पोचलो, पुढचा देव आठवेना. घरातल्याच कुलदैवताचं नाव, जिभेवर येईना. मागून कुणीतरी गणपतीचं नाव सुचवलं, ते आधीच होऊन गेलं होतं.

चंदनला कीव आली. त्याने मोबाइलवरून कुणाचा तरी गोंधळ स्पीकरला लावला. चांगला होता. रंग चढत होता, तेवढ्यात मध्ये जाहिरात लागली. गुडघेदुखीचं तेल.

मथुरा उठली. कलशापुढचं निरांजन उचललं आणि एकटीनेच ओवाळलं. तिचे ओठ हलत होते. नावं घेत असावी. जाहिरात संपायच्या आत तिचं झालं होतं.

जेवण मात्र चांगलं होतं.

२६ नोव्हेंबर

काही नाही.

२७ नोव्हेंबर

भव्या सासरी गेली. जाताना माझ्या टेबलावर त्या परक्या माणसाच्या उत्तराचा प्रिंट ठेवून गेली. त्याने खाली आणखी लिहिलं होतं, ते मी रागात वाचलंच नव्हतं. नव्या कंपायलरने केलेल्या प्लगइनला त्याच कंपायलरच्या दोन-तीन मदतनीस फाइली लागतात. जिथे कंपायलर आहे तिथे त्या आपोआप सापडतात. दुसरीकडे सापडत नाहीत. म्हणजे मॉड्यूल सापडत नाही ते माझं नव्हे, त्याच्या सोबतचं. नवरदेव मांडवात, वऱ्हाड घरी. आणि घरी होतं तेही मी पत्ता पुसून बेपत्ता केलं.

उपाय, एक शब्द. बिल्ड करताना, म्हणजे दळताना, ‘स्टॅटिक’ लिहायचं, म्हणजे सगळं गाठोडं प्लगइनच्या आतच बांधलं जातं. लिहिला. दळलं. लोड झालं. चहा निवायच्या आत.

तसा मी जवळ पोचलोच होतो.

मथुरेला हाक मारली. संबळ वाजत होता. ती दारात आली, स्वल्प ऐकलं. म्हणाली, हळू करा, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत.

२८ नोव्हेंबर

चंदनला पाठवला. त्याने काळी यादी साफ केली, पहिल्या फटक्यात लोड झाला. फार खूश. विचारत होता, दुसऱ्या कार्यक्रमांना वापरला तर चालेल का? म्हटलं, वापर रे बाबा, मित्रांनाही दे. विद्या कुलपात ठेवली की कुजते. अण्णा, तुमच्यासारखं मोठं मन नाही कुणाचं, म्हणाला. घरातले लोक हे असं कधी बोलत नाहीत, म्हणून लिहून ठेवतोय.

३ डिसेंबर

रघुपतींना लिफ्टमध्ये सगळी हकीकत सांगितली. स्टॅटिक म्हणजे काय तेही. ते दुसऱ्याच मजल्यावर उतरले.

६ डिसेंबर, शनिवार

देवाप्पाचा फोन आला. आपणहून. मला बरं वाटलं, मनात काही ठेवलं नाही म्हणायचं त्याने.

आधी भव्याची चौकशी केली, मग अक्काची. घरभरणं छान झालं म्हणाला. मग म्हणाला, काल बेळ्ळंदूरला एका घरी गोंधळ होता, मला सांगितलेला. संबळ घेऊन दोन बस बदलून गेलो, तर तिथे चंदन बसलेला लॅपटॉप घेऊन. घरवाले म्हणाले, वाजवायचं कॉम्प्युटर करेल, तुम्ही दिवटी तेवढी धरा, ती त्याला धरता येत नाही. धरली.

मी विचारलं, लोड झाला ना नीट? तोंडातून आधी तेच निघालं.

हो अण्णा, म्हणाला. एकदाही अडकलं नाही. छान वाजत होतं. माझाच हात तो, मी ओळखला की. पुढच्या मंगळवारचं एक घर होतं, त्यांनीही सांगितलं आज, चंदन येतोय म्हणून.

मागे त्याच्या नातवंडांचा आवाज येत होता. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात त्यानेच विचारलं, अगदी संकोचत, जसं कुणी शेजाऱ्याकडे विरजण मागावं तसं. म्हणाला, अण्णा, मला त्यातलं समजत नाही, पण अक्का सांगत होती, तुमच्याकडच्या गोंधळाला ते लागलंच नव्हतं. ते पुन्हा तसं करता येईल का?

मी म्हटलं, नाही देवाप्पा. आता ते कुठल्याही मशीनवर चालतं.